"ग्रुपमध्ये सगळं मीच करते, मॅडम"

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. मूळची लातूरची, पुण्यात कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहणारी. सबमिशनला तीन आठवडे उरले होते. "चौघांचा प्रोजेक्ट, राबते मी एकटी, मार्क मात्र सगळ्यांना सारखे," एवढं बोलून ती रडायलाच लागली. ही तक्रार दर सेमिस्टरला माझ्यासमोर येते आणि बहुतेकदा ती खरी असते.

मी तिला त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोठ्यानं वाचायला सांगितला. "कोणीतरी रिपोर्टचं बघा ना." उत्तर नाही. "कोणीतरी सरांना विचारा." तेही तसंच. त्याच्या महिनाभर आधी एका मुलानं रात्री अकराला सहा पानं पाठवली होती. त्यावर तिचं उत्तर, "ओके, मी बघते." जागून तिनं सहाही पानं नव्यानं लिहिली. त्यानंतर त्यानं काही पाठवलंच नव्हतं. इथे ती वाचताना थांबली.

ती ढोलपथकात वाजवायची. विचारलं, "पन्नास ढोलांत एकानं टिपरू नुसतंच हलवलं तर कळतं?" "नाही." "आणि ताशा थांबला तर?" "लगेच!" १९७९ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला, ओरडायला लावून हेच मोजलं: माणसं वाढली की प्रत्येकाचा आवाज उतरतो. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याच्या दोर ओढण्यासारख्या कामांच्या प्रयोगांत (१९१३ मध्ये प्रसिद्ध) आठ जणांत प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जेमतेम निम्म्यावर आला होता. तो सगळा आळस नव्हता. सगळ्यांचा हिसका एका वेळी बसत नाही, हेही त्यात होतं. "कामचोर" म्हणण्याआधी मुलांनी एवढं तरी तपासावं, असं मला मनापासून वाटतं.

चौघं चहाच्या टपरीवर बसले. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख. शिवाय दर शनिवारी प्रत्येकानं दुसऱ्याचा भाग समजावून सांगायचा, कारण वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कोणालाही काहीही विचारतात. एकमेकांच्या कामाला गुप्तपणे गुण देऊ द्या, असं त्यांनी सरांना सुचवलं. सर "बघू" म्हणाले. खरं तर हे पहिल्याच आठवड्यात कॉलेजनं ठरवून द्यायला हवं. रोल नंबरनं गट पाडून मुलांना सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

चौथा मुलगा शेवटपर्यंत ढिलाच राहिला. सहा पानंवाल्यानं मात्र टेस्टिंगचं प्रकरण लिहून दिलं. त्यातली दोन वाक्यं तिला खटकत होती. तिनं ती तशीच राहू दिली.