देवमासा, पाणघोडा आणि तिमी

देवमासा हा मासा नाही आणि त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग पाणघोडा आहे. मग ‘देवमासा’ हा शब्द टाकून द्यावा का, असे एका वाचकाने विचारले आहे. मुळीच टाकू नये. खटकतो तो सतत कानांवर पडणारा ‘व्हेल मासा’, कारण अचूकतेच्या नावाखाली परका शब्द घेऊन त्याला पुन्हा ‘मासा’ चिकटवला, तर अचूकताही जाते आणि मराठीही.

नावावरून नाते ठरवायचे झाले, तर पाणघोड्याचीही पंचाईत होईल, कारण घोडा विषमखुरी, म्हणजे पायाला विषम संख्येने खूर असलेला, आणि पाणघोडा समखुरी, म्हणजे सम संख्येने खूर असलेला. देवमाशाचे पूर्वजही समखुरीच होते. त्यांच्या जीवाश्मांतील घोट्याच्या, दोन्ही टोकांना कप्पीसारख्या असलेल्या हाडाने २००१ मध्ये ते स्पष्ट झाले, कारण असे हाड ही समखुरींचीच खूण आहे. देवमासा आणि पाणघोडा यांच्या वाटा वेगळ्या होऊन पाच कोटींहून अधिक वर्षे लोटली, तरी दोघांची पिल्ले आजही पाण्याखाली दूध पितात.

मला खरा आनंद देतो तो ‘तिमी’ हा जुना शब्द. कालिदासाच्या ‘रघुवंश’ या महाकाव्याच्या तेराव्या सर्गात राम सीतेला सांगतो की, हे तिमी नदीमुखाचे पाणी त्यातल्या जीवांसकट उघड्या जबड्यात घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून जलधारा वर उडवतात. तिमी म्हणजे कोणतातरी कल्पित अजस्र मासा, असे लिहून मोकळे होणाऱ्या कोशकारांनी डोक्यावर छिद्र असलेला मासा कोठे पाहिला, हे एकदा सांगावे. वर उडते ती मुख्यतः उच्छ्वासाची वाफ असते, हे खरे. पण लांबून पाहणाऱ्याला ती धारच वाटते, आणि म्हणूनच या वर्णनामागे कोणा दर्यावर्दीचे प्रत्यक्ष निरीक्षण असावे, असे मी मानतो.

तिमीला गिळणारा तो तिमिंगिल. आपल्या ‘गिळणे’ या क्रियापदातला गिळ तो हाच, आणि मधल्या अनुस्वारासाठी व्याकरणकारांनी स्वतंत्र नियम केला; तिमिंगिलालाही गिळणाऱ्या ‘तिमिंगिलगिल’ची सोयसुद्धा त्यांनी करून ठेवली आहे. ही निव्वळ कविकल्पना आहे, हे मत मला मान्य नाही. ओर्का हा डॉल्फिनच्या कुळातला शिकारी जलचर टोळीने मोठ्या देवमाशांची शिकार करतो; तो गिळत नाही, लचके तोडतो, हा आक्षेप रास्त आहे, परंतु देवमाशाला खाणारा आणखी एक जलचर समुद्रात आहे, एवढे तरी हा शब्द घडवणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.