ठेकेदाराकडच्या महिलेची लैंगिक छळाची तक्रार कंपनीला नाकारता येते का?

प्रश्न सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्याचा आहे. पॅकिंगला ठेकेदाराकडून येणाऱ्या बाईंनी कंपनीच्या सुपरवायझरविरुद्ध तक्रार दिली, आणि एचआर म्हणतं, 'त्या आमच्या पगारपत्रकावर नाहीत.'

नाही, नाकारता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ अशी सगळीच माणसं कर्मचारी धरली आहेत. कंपनीच्या बसमध्ये घडलेला प्रकारही यात येतो.

तक्रार लेखी हवी, घटनेपासून ३ महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती (अशा तक्रारींसाठी कंपनीने नेमायची अंतर्गत समिती) आणखी ३ महिने देऊ शकते. बाईंना लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम. तक्रारीची प्रत सुपरवायझरला ७ कामाच्या दिवसांत जाते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

घोळ होतो तो बहुधा समितीतच. अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तो बाहेरचा सदस्य नुसता कागदावर असला की पुढे अख्खी चौकशी आव्हानात सापडते. समितीच नेमली नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

'आपसात मिटवा' असं एचआरने सुचवूच नये. समेट फक्त बाईंनी मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. 'उद्यापासून त्यांना पाठवू नका' असा ठेकेदाराला फोन करणं सगळ्यात वाईट. चौकशी चालू असताना बाईंनी लेखी मागितल्यास समिती सुपरवायझरच्या बदलीची शिफारस करू शकते. आधी ते करा.