अमेरिकेत घरी काडतुसं भरून खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतात ते खरं का, त्यात पैसे वाचतात का, आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी टेक्सासला आल्यावर तुम्हाला हे करता येईल का.

आधी शेवटचा प्रश्न. एच-वन-बीवर येत असाल तर विसरा. त्या व्हिसावर, शिकारीच्या लायसन्ससारखा एखादा अपवाद लागू नसेल तर, बंदूकच काय, एक काडतूस जवळ बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत शूटिंग रेंजकडे फिरकलोसुद्धा नाही. त्यानंतर मात्र स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे तिकडे हा छंद म्हणून विषयच नाही.

आता पैसे. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर (ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी टोपी), आत बंदुकीची दारू आणि तोंडाशी गोळी, एवढंच काडतूस. पुंगळी शाबूत राहते आणि पुन्हापुन्हा भरता येते, बचत होते ती तिथेच. पण नाइन एमएम, म्हणजे पिस्तुलाचं नेहमीचं काडतूस, दुकानातच इतकं स्वस्त मिळतं की घरी भरून हाती चिल्लरच लागते. मी रिव्हॉल्वरचं पॉइंट थर्टी-एट स्पेशल भरतो, ते साधारण निम्म्यात पडतं. शिवाय रिव्हॉल्वरच्या पुंगळ्या हातातच पडतात, पिस्तुलासारख्या बाहेर उडत नाहीत, त्यामुळे शेतात शेंगा वेचल्यासारखं वाकावं लागत नाही. प्रेस (काडतूस दाबून जोडायचं हातयंत्र), त्यात बसणारे डाय म्हणजे साचे, आणि तराजू मिळून चारेकशे डॉलर गेले, ते वसूल व्हायला दोन वर्षं लागली. आणि खरं सांगू? वाचलेल्या पैशांत मी जास्त गोळ्या झाडतो. बायकोला हा हिशोब केव्हाच कळलाय.

धोक्याचं मात्र नीट ऐका. थर्टी-एट स्पेशल 1898 सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. ती दारू जागा खायची म्हणून पुंगळी लांब केली. आजची दारू चिमूटभर पुरते, पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामीच राहते. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि बंदूक हातात फुटू शकते. माझं उलटं झालं. भरताना आईचा फोन आला, बोलता बोलता एका पुंगळीत दारूच घालायची राहिली. रेंजवर 'धाड'ऐवजी नुसतं 'फट्' झालं. शेजारचे आजोबा ओरडले, "थांब!" प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. त्यामागे दुसरी झाडली असती तर नळी फाटली असती. पितळी सळई घालून, हातोडीने ठोकून ठोकून ती काढली.

तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात ठेवतो. दारू घातलेल्या 50 पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो, प्रत्येकीत टॉर्च मारून सगळीकडे दारूची पातळी सारखी आहे ना ते बघतो, मगच गोळ्या बसवतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा.

कमेंटमध्ये किती ग्रेन दारू घालू असं विचारू नका, सांगणार नाही. एका पौंडात 7000 ग्रेन असतात आणि इथे ग्रेनच्या दहाव्या भागानेही फरक पडतो. छापील लोडिंग मॅन्युअल घ्या, तेही प्रेसच्या आधी.