बिघडलेला मुलगा घोड्यांच्या कामाने खरंच सुधारतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेत जात नाही, घरात कुणाशी धड बोलत नाही, परवा आईवर हात उगारला. तर तबेल्यावर पाठवून त्याला शिस्त लागेल का? त्या वयात मी असाच होतो आणि आज घोड्यांवरच माझं पोट आहे, म्हणून लिहितोय.

घोडेस्वारीचा क्लास लावू नका. स्वारी ही तासाभराची मौज. त्याला लीद काढू द्या, खरारा करू द्या, खूर साफ करू द्या. मला तबेल्यावर नेऊन सोडणाऱ्या काकांचा हिशोब वेगळा होता: घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार कडक आहे, पोराला वठणीवर आणेल. त्या माणसाने माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. एक म्हातारी घोडी होती, खूर उचलू द्यायची नाही. मी दात-ओठ खात पाय ओढायचो आणि ती सगळा भार नेमका त्याच पायावर टाकून उभी राहायची. चारशे किलोंच्या वरचं जनावर, जोर कुणाला दाखवणार? मोतद्दार म्हणाला, "आधी श्वास सोड." मग खांदा तिच्या खांद्याला टेकवून हात सावकाश पायावरून खाली नेला, तेव्हा कुठे तिने पाय दिला.

घोडा माणसाचं अंग वाचतो. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो असा मोठा बोलबाला होता. १९०७ साली मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की समोरच्याच्या डोक्याची नकळत होणारी हालचाल बघून तो आपटायचा थांबतो. तेव्हा आतून धुमसत असताना वरवर गोड वागण्याचा तिथे उपयोग नाही.

पण मी टिकलो त्याचं कारण हे नाही. एका संध्याकाळी त्याच घोडीचं ठाण मी सकाळी झाडलं होतं तसंच स्वच्छ दिसलं. लीद नाही, वैरण पडलेली, आणि ती सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतेय. कुशीला कान लावला. एरवी आत गुडगुड चाललेली असते, तेव्हा जवळपास काहीच ऐकू येईना. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशूळ जिवावर बेतू शकतो, हे तिथे कानावर पडलेलं होतं. मी मोतद्दाराला सांगितलं. "तुला काय कळतंय" असं न म्हणता त्याने सरळ डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, शेवटची लीद कधी टाकली, पाणी किती प्यायली? ते फक्त मला माहीत होतं, कारण ठाण साफ करणारा मीच होतो. घोडी वाचली. दुसऱ्या दिवसापासून मला उठवायला कुणाला यावं लागलं नाही.

शिस्त म्हणता ती एवढीच. माझ्या सांगण्याला तिथे किंमत होती, घरी नव्हती. तेव्हा मुलाला सोडताना तिथल्या माणसाला "याला जरा दमात घ्या" असं सांगू नका, आणि रोज संध्याकाळी आज काय शिकलास म्हणून उलटतपासणीही नको.

हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. यावरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत, त्यावरून खात्री देता येत नाही. मुलगा स्वतःला इजा करून घेत असेल किंवा नशेत अडकला असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, तबेला नंतर. मुक्या जनावराला मारायची खोड असेल तर पाठवूच नका. आणि घोड्याच्या थेट मागे उभं राहायचं नाही, तिथलं त्याला दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्या.

आमचे काका अजून चारचौघांत सांगतात, मोतद्दाराने झोडपून सरळ केला याला. झोडपलं नाही म्हटलं की म्हणतात, अरे वयच तसं होतं, आपोआप निवळलाच असतास. मग तबेल्यात घातल्याचं श्रेय तरी कशाला घेता, काका?