तेल खनिज, मग रसायन सेंद्रिय कसं?

प्रश्न असा आहे: "आपण 'खनिज तेल' म्हणतो आणि त्याच तेलातल्या घटकांचा अभ्यास 'सेंद्रिय रसायनशास्त्रा'त करतो. खनिज म्हणजे निर्जीव, सेंद्रिय म्हणजे सजीवांचं. मग यातला चुकीचा शब्द कोणता?"

चुकीचा ठरवायचाच तर 'खनिज', पण तोही फक्त भूशास्त्राच्या काटेकोर व्याख्येने. तिथे खनिज म्हणवून घ्यायला पदार्थ घन हवा, त्याची स्फटिकरचना ठरलेली हवी. कच्चं तेल पातळ, शिवाय असंख्य संयुगांची सरमिसळ. शब्दाची फोड मात्र एवढी कडक नाही: खनि म्हणजे खाण, ज म्हणजे जन्मलेलं. जमिनीच्या पोटातून निघालं ते खनिज. (तेल खाणीतून नव्हे, विहिरीतून काढतात, हा आक्षेप म्हणजे नुसता शब्दांचा कीस.)

पेट्रोलियमही याच वाटेचं नाव. पेट्रा म्हणजे खडक, ओलियम म्हणजे तेल. इंग्रजीत त्यालाच 'रॉक ऑइल' म्हणत आणि त्याचंच मराठी जिभेवर 'रॉकेल' झालं. गंमत म्हणजे नाव अख्ख्या कच्च्या तेलाचं, पण आपल्याकडे ते चिकटलं त्याच्या एकाच हिश्शाला. ऊर्ध्वपातनात, म्हणजे तेल तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करून घटक वेगळे करताना, साधारण १५० ते २७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वेगळा होणारा, रेणूमागे १० ते १६च्या आसपास कार्बन अणू असलेला तो हिस्सा.

आता 'सेंद्रिय'. स + इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेलं. 'ऑरगॅनिक'मधल्या 'ऑर्गन'चा हा सरळ तर्जुमा. ही संयुगं सजीवांच्या शरीरातच, कुठल्याशा जीवनशक्तीमुळे घडतात, असं स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या काळी मानत. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट या असेंद्रिय मानल्या जाणाऱ्या क्षारापासून युरिया मिळवला. मूत्रात सापडणारा पदार्थ शरीराबाहेर, भांड्यात तयार झाला! जुनी समजूत लगेच कोसळली नाही, पण हळूहळू सेंद्रिय म्हणजे 'कार्बनची संयुगं' असा अर्थ रुळला. त्यातही कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेट वगैरे मंडळी संकेताने बाहेरच ठेवलेली. हायड्रोकार्बन ही या गोतावळ्यातली सर्वांत साधी: कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं कोणी नाही. सरळ साखळीत ४ कार्बनपर्यंत वायू, ५ ते १७ असले की नेहमीच्या तापमानाला द्रव, त्यापुढे मेण. ती जिवातून आली की कारखान्यातून, हे रसायनशास्त्र विचारतच नाही.

शेतीतला 'सेंद्रिय' मात्र नेमकं तेच विचारतो. त्यामुळे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून कारखान्यात बनलेला युरिया रसायनशास्त्रात सेंद्रिय आणि सेंद्रिय शेतीत निषिद्ध. व्होलरच्या युरियाची ही गत व्हावी, याची मला दर वेळी मौज वाटते.

तेलाच्या बाबतीत तर शब्दाचा टाकून दिलेला जुना अर्थही लागू पडतो. समुद्रातले सूक्ष्म जीव, मुख्यतः शैवालं, प्राणवायू नसलेल्या गाळात गाडले गेले आणि लक्षावधी वर्षांच्या उष्णतेने नि दाबाने त्यांचं तेल झालं. १९३०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना कच्च्या तेलात पॉर्फिरिन सापडली. हरितद्रव्याच्या रेणूचाच तो सांगाडा. फक्त मधला मॅग्नेशियम जाऊन तिथे व्हॅनेडियम किंवा निकेल येऊन बसलेला.

तेव्हा 'खनिज तेल' बिनधास्त लिहा. भूशास्त्रावरच लिहीत असाल तर 'कच्चं तेल' बरं. 'सेंद्रिय तेल' मात्र लिहू नका. वाचणाऱ्याला ते रासायनिक खतांविना पिकवलेल्या तेलबियांचं वाटेल.