बायकोला पाठीतून ओटीपोटात कळ येते, लघवीला जळजळ होते. मुतखडा असेल का?

दादा, घरातले उन्हाळी लागली म्हणून वहिनींना धण्या-जिऱ्याचं पाणी देतायत असं तुम्ही लिहिलंय, माझंही अगदी असंच झालं होतं म्हणून उत्तर देतेय. मी तासगावकडची, द्राक्षबागेत विरळणीला जायचे, तिथं बाईमाणसानं लघवीला जायचं कुठं, म्हणून आम्ही सगळ्याजणी दिवसभर पाणीच कमी प्यायचो. कळ यायला लागली तर आधी पाळीचं म्हणून गोळी, मग उन्हाळी म्हणून गोळ्या, तीन आठवडे असेच गेले. एका रात्री उलट्या सुरू झाल्या, बसवेना की झोपवेना, तेव्हा मिरजेला नेलं.

खड्याची कळ बहुतेक एकाच बाजूला, बरगडीखालून निघून जांघेत उतरते, थांबून थांबून येते. पण अंडाशयाची गाठ असली किंवा गर्भ पिशवीबाहेर गर्भनलिकेत राहिला तरी असंच दुखू शकतं, त्यामुळं प्रेग्नन्सी टेस्ट पहिली करा, सीटी स्कॅनआधी तर हवीच. सोबत लघवीची तपासणी, कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते बघायला), क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप बसू नका, किडनीतून मूत्राशयाकडं जाणाऱ्या नळीतला बारका खडा तिच्यात दिसायचा राहून जातो, माझाही राहिला होता, सीटीत 6 मिमीचा दिसला.

5 मिमीपर्यंतचे बरेच खडे पाणी आणि गोळ्यांवर चार-सहा आठवड्यांत पडतात, 10 मिमीच्या वरचे सहसा नाही. माझा अडकूनच बसला, मग दुर्बिणीतून लेझरनं फोडला आणि स्टेंट, म्हणजे लघवी अडू नये म्हणून आत ठेवायची बारीक नळी, टाकला. स्टेंट असेपर्यंत सारखं लघवीला लागायचं, लय त्रास, पण तो काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आत विसरला तर त्याच्यावरच खडे धरतात. पडलेला खडा टाकून देऊ नका, लॅबला द्या, बायकांत इन्फेक्शनमुळं होणारे खडेही असतात आणि त्यांचा इलाज वेगळा.

सासूबाई हुलग्याचं माडगं द्यायच्या, मी प्यायचे, पण अडकलेला खडा त्यानं निघत नाही. दूध-दही बंद करू नका, मीठ कमी करा, पाणी एवढं प्यायला द्या की लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला पाहिजे.

वहिनींना ताप आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. थंडी वाजून ताप येत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, आत्ताच दवाखान्यात न्या, अडलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं तर किडनीच काय, जीवावर बेततं.