फर्म माझ्या नावावर, हिशेब दिरांकडे

प्रश्न : लातूरला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमची आडत आहे; शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देतो. लग्न झाल्यापासून शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या, रोजच्या जमाखर्चाचा रोजमेळ मीच लिहिते. मध्यंतरी माझ्या नावावर दुसरी फर्म काढली. सह्या मी करते, व्यवहार दीर बघतात. आता मामंजी दोघा भावांच्या वाटण्या करणार आहेत. मी विषय काढला की नवरा म्हणतो, "आपल्यात तुझं-माझं कशाला?" घरातली शांतता मोडू का?

ताई, बोला. पण हिस्सा नंतर, आधी हिशेब मागा. फर्मचं कर्ज थकलं किंवा कराची नोटीस आली, तर ती दिरांना नाही, तुम्हाला येणार. एकट्या मालकाच्या फर्मचं देणं त्याच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोचतं. म्हणून कोऱ्या चेकवर सही आजपासून बंद. बँकेत जाऊन खात्याचा उतारा स्वतः घ्या आणि खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय ते बघा. बहुतेक वेळा ओटीपी भलत्याच्याच फोनवर जातो.

आपल्या भागात बाईच्या हातून व्यवहार होणं नवं नाही. पैठणच्या सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नाणेघाटातल्या लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद कोरलेली आहे. अगदी कालपरवापर्यंत तूर भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून डाळ घरोघर बायकाच करायच्या. डाळ मिल आल्या, काम घरातून मोंढ्यात गेलं आणि तिथं पाटी पुरुषाच्या नावाची लागली. आता बाईचं नाव कागदावर परत आलंय, तेही सोयीपुरतं. मला राग येतो तो याचा.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला माहेरच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. सुनेला सासरी तसा जन्मजात हक्क नाही. त्यामुळे सासरी तुम्हाला आधार लेखी कराराचाच. रीतसर भागीदारी करून घ्या. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदाराला फर्मच्या वह्या बघायचा, त्यांची नक्कल घ्यायचा हक्क असतो. करारात लिहिलं तर कामाचा पगारही घेता येतो. फर्मच्या देण्याची जबाबदारीही अंगावर येते, तेव्हा करार स्वतःच्या वकिलाला दाखवूनच सही करा.

आधी नवऱ्याशी बोला, दोघंच असताना. 'तुझं-माझं' या वादात शिरूच नका. सरळ विचारा, "कुठल्या शेतकऱ्याकडे किती उचल आहे, हे मला तोंडपाठ आहे. उद्या तुम्हाला काही झालं, तर ती मागायचा अधिकार मला कोण देईल?" मग मामंजींपुढे तुमच्या अक्षरातले रोजमेळ ठेवा. सोयाबीनची आवक चालू असताना नको, तेव्हा मोंढ्यात कुणाला जेवायचीही सवड नसते. पण वाटणीचा कागद होण्याआधी नक्की.

आणि त्या बैठकीला जाऊबाईंनाही बसवा. त्यांच्या नावावर एखादी फर्म काढली असेल, तर कदाचित त्यांनाच ते ठाऊक नसेल.